शेजारची गँग काय करतेय? (जहाजदुरुस्ती, टाक्या आणि परमिट)

मॅनहोल

जहाजदुरुस्तीत बावीस वर्षं काढली. हेल्पर म्हणून शिरलो, फिटर झालो, शेवटची आठ वर्षं फोरमन. सुरक्षिततेचा विषय निघाला की लोक हेल्मेट, बूट आणि कमरेचा पट्टा यावर सुरू होतात आणि तिथेच संपतात. मला दुसरंच बोलायचंय. मी पाहिलेले अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग आठवले, तर त्यातल्या बहुतेकांत ज्याला इजा झाली त्याचं स्वतःचं काम ठीक चाललं होतं. शेजारी दुसऱ्या कोणाचं तरी काम चालू होतं आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

एक प्रसंग सांगतो. यार्डाचं नाव लिहिणार नाही, विचारू नका.

जहाज सुक्या गोदीत होतं. डबल बॉटममधल्या, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळातल्या, तीन नंबरच्या बॅलास्ट टाकीत (तोल राखायला पाणी भरतात ती) गंजलेली प्लेट कापून नवी बसवायची होती. सकाळी आठला गॅस टेस्ट झाली. ऑक्सिजन २०.९ टक्के, ज्वालाग्राही वायू शून्य, हायड्रोजन सल्फाइड शून्य, कार्बन मोनॉक्साइड शून्य. हॉटवर्कचं, म्हणजे कटिंग-वेल्डिंगसारख्या आगीच्या कामाचं, परमिट प्लास्टिकच्या पाकिटात घालून टाकीत उतरायच्या तोंडापाशी, मॅनहोलपाशी टांगलं. आत दोन कटर आणि एक फिटर, वर मॅनहोलवर एक हेल्पर. ब्लोअर चालू, डक्ट टाकीच्या तळापर्यंत सोडलेला, पाण्याची नळी भरून तयार. कोणी तपासायला आलं असतं तर पाठ थोपटून गेलं असतं.

दुपारच्या सुट्टीनंतर माणसं परत आत उतरली. एकाने कटिंगचा गॅस टॉर्च हातात घेतला आणि तेवढ्यात वरून हेल्पर ओरडला, "पेटवू नका, थिनरचा वास येतोय!" आतल्यांनाही वास आला होता, पण टाकीत कसला ना कसला वास असतोच. त्यांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. पोरगं गप्प बसलं नाही. शेवटी वैतागून सगळे बाहेर आले, मीटर आत सोडला, तर एलईएल १८ टक्के. म्हणजे पेट घ्यायला कमीत कमी जेवढी वाफ लागते, तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा मीटरपाशी. कोपऱ्यात, फ्रेमच्या मागे किती होती ते देवाला ठाऊक.

झालं होतं असं. सुट्टीच्या वेळात शेजारच्या चार नंबरच्या टाकीत पेंटवाल्यांनी ब्रशने टच-अप सुरू केलं. वाफ त्यांच्या मॅनहोलातून वर येत होती. आणि आमच्या ब्लोअरचं तोंड त्या मॅनहोलपासून हातभर अंतरावर होतं, कारण सकाळी तिथे कोणी नव्हतं आणि केबल तिथवरच पुरत होती. ब्लोअर इमानेइतबारे त्यांची वाफ ओढून आमच्या टाकीत भरत होता.

पेंटवाल्यांकडेही परमिट होतं. दोन्ही परमिटं बरोबर, दोन्हींवर सह्या. फक्त ती दोन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिली नव्हती.

तुमच्याकडे असे अनुभव असतील तर लिहा. जहाजावर काम करणाऱ्यांनीही लिहा, नुसतं यार्डाचं नको.

बिल्जबाबा

उत्तम धागा. मी समुद्रावरचा, इंजिन रूममध्ये सेकंड इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं. आमच्याकडे शेजारची गँग म्हणजे कित्येकदा माणसं नसतातच. शेजारी माल असतो, किंवा नुसता गंज.

गंज चढणं म्हणजे लोखंडाने हवेतला ऑक्सिजन खाणं. महिनोन्महिने बंद राहिलेली बॅलास्ट टाकी किंवा नांगराच्या साखळीचं चेन लॉकर उघडलं की आत विषारी काही नसतं, वास नसतो, पाणीही उपसलेलं असतं. तरी माणूस शिडीवरून चार पायऱ्या उतरतो आणि कोसळतो. ऑक्सिजन ६ टक्क्यांच्या खाली असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. गुदमरतोय, धाप लागतेय असं जाणवायला सवडच मिळत नाही, कारण शरीराला गुदमरण्याची जाणीव होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झालाय हे सांगणारी घंटा आपल्यात जवळजवळ नाहीच.

कोळसा, लाकडाचे तुकडे, लाकडी पेलेट (दाबलेल्या भुशाच्या गोळ्या), भंगार लोखंडाचा कीस हा सगळा माल होल्डमधला, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारातला, ऑक्सिजन संपवतो. पेलेट तर वर कार्बन मोनॉक्साइडही सोडतात. आणि गंमत अशी की होल्डचं झाकण बंद असतं, पण होल्डला लागून असलेली शिडीची खोली निर्धोक वाटते. माल होल्डात आणि माणूस मरतो शेजारच्या जिन्यात, असं झालेलं आहे.

दुसरी गोष्ट वाचवायला जाणाऱ्यांची. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागांबद्दल इशारा काढला होता. त्यात म्हटलंय की अशा जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला आत गेलेले असतात. पहिला पडतो, दुसरा मित्र म्हणून उडी घेतो, तिसरा बोसन (खलाशांचा मुकादम) असतो. एका टाकीत तीन मृतदेह मिळतात ते असे.

म्हणून सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात १ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंदिस्त जागेत शिरण्याची आणि सोडवणुकीची कवायत सक्तीची झाली. १ जुलै २०१६ पासून हवा तपासायचा मीटर जहाजावर असणंही सक्तीचं झालं. विचार करा, त्याआधी सगळ्या जहाजांवर तो असेलच असं नव्हतं.

नवागत_७

माहितीपूर्ण! मी पुढच्या महिन्यात एका यार्डात ट्रेनी म्हणून लागतोय (मेकॅनिकल डिप्लोमा). एक बाळबोध प्रश्न. हवा खराब असेल तर मास्क लावून आत जाता येत नाही का?

श्वासमापक

प्रश्न बाळबोध नाही, याच समजुतीने माणसं गेली आहेत. मी कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी डॉक्टर आहे, म्हणून उत्तर देते.

आपण ज्याला मास्क म्हणतो, तो तोंडावरचा डबीवाला असो की कापडी, तो हवा गाळतो. हवा बनवत नाही. टाकीत ऑक्सिजन १२ टक्के असेल तर उत्तमातला उत्तम कार्ट्रिज लावूनही तुमच्या फुप्फुसात १२ टक्केच जाणार. तिथे बाहेरून नळीने येणारी हवा किंवा पाठीवरचा हवेचा सिलिंडर लागतो, आणि तो वापरायचं शिक्षण लागतं. रंगाच्या वाफेची डबी वेगळी, धुळीचा फिल्टर वेगळा, हेही खूप लोकांना माहीत नसतं. धुळीचा मास्क लावून स्प्रे पेंटिंग करणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

हायड्रोजन सल्फाइडबद्दलही सांगते. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो म्हणून लोक वासावर भरवसा ठेवतात. साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होतं आणि वास गायब. माणसाला वाटतं, चला, गेला गॅस.

ठिणगी

मी वेल्डर. शेजाऱ्याची गोष्ट निघाली म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचणारा.

आमच्याकडे एका बंद कंपार्टमेंटमध्ये गॅस कटिंग चालू होतं. पाळी बदलली. आधीच्या पाळीच्या कटरने टॉर्चचे नॉब बंद केले, टॉर्च आतच ठेवला, घरी गेला. सिलिंडरपाशी व्हॉल्व्ह उघडेच. ऑक्सिजनच्या नळीला जोडापाशी बारीक गळती. सूं आवाज येतो तेवढी. पण शेजारी ग्राइंडिंग चालू होतं, कोणाला ऐकू येणार?

सगळे एलपीजी गळेल म्हणून घाबरतात. गळला होता ऑक्सिजन. ऑक्सिजनला वास नाही, आणि चांगली हवा वाढली तर बरंच की, असं मनात येतं. हवेत तो २३.५ टक्क्यांच्या वर गेला की धोका धरतात. कपडे, केस, ग्रीस, दोर सगळं भडकन पेट घेतं. पुढच्या पाळीचा पोरगा आत गेला, ग्राइंडर लावला, एक ठिणगी बाहीवर. एरवी बाहीला भोक पडतं आणि आपण झटकतो. त्याची बाही कागदासारखी पेटली. हात आणि मान भाजली. वाचला, पण वेल्डिंग सुटलं त्याचं.

त्यानंतर मी एक नियम पाळतो. सुट्टी झाली, पाळी संपली की टॉर्च आणि नळ्या टाकीबाहेर. गुंडाळून, बाहेर. कितीही लांब ओढाव्या लागल्या तरी. आणि टाकी गरम झाली म्हणून ऑक्सिजनची नळी अंगावर सोडून गारवा घेणारा दिसला तर त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटतं. कपड्यांत ऑक्सिजन भरून राहतो. बाहेर येऊन पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत काढल्याशिवाय आगीजवळ जाऊ नये.

आर्गॉनबद्दल पण कोणीतरी लिहा, मला टायपायचा कंटाळा येतो.

बिल्जबाबा

@ठिणगी, आर्गॉनचं मी लिहितो. स्टेनलेसच्या पाइपला आतून आर्गॉन सोडून वेल्डिंग करतात. आर्गॉन हवेपेक्षा जवळजवळ १.४ पट जड. तो खाली बसतो, टाकीच्या तळाशी, बिल्जमध्ये (जहाजाच्या तळाशी पाणी साचतं तिथे), खड्ड्यात. वेल्डर वर स्टेजिंगवर (परांचीवर) मजेत असतो आणि खाली पडलेला स्पॅनर उचलायला वाकलेला हेल्पर उठत नाही. पुन्हा तेच, शेजारच्याचं काम.

रोखठोक

सगळं वाचलं. आता थोडं कडू बोलतो. मी ठेकेदारीत आहे, तीसेक माणसं हाताखाली.

परमिट, टूलबॉक्स मीटिंग (कामाआधीची सुरक्षेची बैठक), चेकलिस्ट, फोटो, पुन्हा परमिट. सकाळचे दीड-दोन तास यातच जातात. गोदीचं भाडं दिवसावर चालू, मालक डोक्यावर बसलेला, आम्हाला पैसे टनावर मिळतात. माझ्या मते बहुतेक अपघात फाजील आत्मविश्वासाने होतात. पट्टा दिला तर हुक लावत नाहीत, चष्मा दिला तर कपाळावर. त्यांना कितीही शिकवा. त्यात वर शेजारच्याचं काम काय आहे हेही आम्हीच बघायचं म्हणजे कठीण आहे. ते यार्डाने बघावं.

मॅनहोल

रोखठोकसाहेब, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. ते यार्डानेच बघायला हवं. जिथे दोन ठेकेदार, जहाजाचे खलाशी आणि यार्डाची माणसं एकाच वेळी आहेत, तिथे रोज संध्याकाळी सगळ्यांना एका टेबलाशी बसवून उद्या कोण कुठे काय करणार हे जहाजाच्या नकाशावर मांडणं, हे काम तुमच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही. मी ज्या एका यार्डात हे नीट पाहिलं तिथे भिंतीवर जहाजाचा मोठा आडवा-उभा नकाशा होता. लाल टाचणी हॉटवर्क, पिवळी पेंट, निळी माणसं आत. लाल आणि पिवळी शेजारी आल्या की बैठक थांबायची. कॉम्प्युटर नाही, काही नाही. टाचण्या.

फाजील आत्मविश्वासाबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. आमच्या त्या हेल्परचं पुढे काय झालं ते वर मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता लिहितो. टाकी हवेशीर करून, पुन्हा टेस्ट करून काम सुरू व्हायला अडीच तास गेले. संध्याकाळी सुपरवायझरने विचारलं, एवढा वेळ कुठे गेला? आणि दोन दिवसांनी त्या पोराला भंगार वेगळं करायच्या कामावर टाकलं. शिक्षा म्हणून नाही, असं सांगितलं गेलं. मॅनहोलवर "जरा समजूतदार" माणूस हवा म्हणून.

मी फोरमन होतो. मी गप्प बसलो.

त्यानंतर आमच्या मॅनहोलवर बसलेल्या कोणालाही कधी कसला वास आला नाही. तुम्ही माणसांना दोष देताय, पण पट्ट्याला हुक न लावणारा माणूस आणि वास आल्यावर गप्प बसणारा माणूस यांना आपणच घडवतो. टनावर पैसे देऊन.

अनामिक_खलाशी

+१. शेवटचा परिच्छेद बोचला.

चकचकीत

आम्ही पेंटवाले नेहमीचे खलनायक, म्हणून आमचीही बाजू ऐका. 😀

पेंटवाले सुट्टीतच का घुसले? कारण आम्हाला थांबता येत नाही. ब्लास्टिंग करून, म्हणजे खरखरीत कणांचा मारा करून, उघडं केलेलं पोलाद दमट हवेत काही तासांत तांबूस व्हायला लागतं. मग ते पुन्हा ब्लास्ट करा. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असेल तरच रंग लावायचा, म्हणजे हवामान आमचं वेळापत्रक ठरवतं. एका थरावर दुसरा थर ठरावीक तासांच्या आतच चढवावा लागतो, उशीर झाला तर आधीचा घासून खरखरीत करा. तुमच्या कटिंगला दोन तास थांबवलं तर दोन तास जातात. आम्हाला थांबवलं तर कधीकधी दोन दिवस जातात. म्हणून आम्ही फट मिळाली की घुसतो. चूक आहे, पण लहरीपणाने करत नाही.

वाफेचं मॅनहोलने बरोबर सांगितलं. एक भर. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते. म्हणून रंगाच्या टाकीत वरून हवा फुंकून भागत नाही, तळातून ओढून बाहेर काढावी लागते, आणि जिथे बाहेर सोडाल तिथे कोण आहे ते बघावं लागतं. रंग "वाळला" तरी वाफ येत राहते. लोक पेंटिंग संपलं म्हणून ब्लोअर बंद करून दुसरीकडे नेतात. सगळ्यात वाईट सवय.

पॉलियुरेथेन रंगातल्या आयसोसायनेट या रसायनाबद्दल डॉक्टर ताई लिहितील तर बरं. माझ्या गँगमधल्या एकाला आता रंगाच्या दुकानासमोरून जाताना दम लागतो.

श्वासमापक

चकचकीत, तुमच्या सहकाऱ्याला बहुधा आयसोसायनेटचा दमा झालाय. एकदा शरीराने ती ॲलर्जी धरली की नंतर अगदी सूक्ष्म प्रमाणही पुरतं. त्याला त्या कामावरून कायमचं बाजूला करणं हाच मुख्य उपाय. "थोडं थोडं काम दे, सवय होईल" असं कोणी म्हणत असेल तर तसं होत नाही, उलट जिवावर बेतू शकतं.

धाग्यात अचानक होणाऱ्या अपघातांवर बरीच चर्चा झाली. माझ्याकडे येतात ते हळूहळू आजारी पडलेले, आणि त्यांच्यातही शेजारच्या गँगचा हात असतोच. गंज-रंग झाडायची सुई-गन किंवा चिपिंग हॅमर चालवणारा कानात बोळे घालतो. पलीकडे त्याच पत्र्यावर मोजमाप घेणारा घालत नाही, कारण "मी कुठे आवाज करतोय". ८५ डेसिबल आठ तास सहन होतं असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पोलादी टाकीत चिपिंगचा आवाज १०० च्या पुढे सहज जातो. पंधरा मिनिटांत त्या माणसाचा दिवसाचा कोटा संपलेला असतो.

वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. नुसता स्टेनलेसचा धूर नाही, सगळाच. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यावर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडात धातूची चव येते, एक-दोन दिवसांत उतरतो. दूध प्यायल्याने तो टळतो ही समजूत मी प्रत्येक ठिकाणी ऐकली. टळत नाही. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. मुलामा घासून काढणं आणि धूर उगमापाशीच ओढून घेणं याने टळतो.

आणि ॲस्बेस्टॉस. नव्या बसवणुकीत ते सोलासने १ जानेवारी २०११ पासून पूर्ण बंद केलं, पण जुनी जहाजं दुरुस्तीला येतातच. पाइपांचं वेष्टण, गॅस्केट, केबिनच्या भिंती. एखादा ते वेष्टण उचकटतो आणि शेजारी वायरमन बसलेला असतो. त्या धुळीने होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. तोवर ना ते जहाज उरलेलं असतं, ना तो ठेकेदार. कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने कपडे धुणाऱ्या बायकांना झालेलाही वैद्यकीय नोंदींत आहे.

रोखठोक

डॉक्टर, ॲस्बेस्टॉस आहे हे आम्हाला कळणार कसं? वेष्टण बघून तर कोणीच सांगू शकत नाही.

बिल्जबाबा

@रोखठोक, जहाजाकडे मागा. हाँगकाँग करार २००९ मध्ये झाला, अमलात आला २६ जून २०२५ ला. त्यानुसार जहाजावर घातक पदार्थांची यादी ठेवावी लागते, कोणत्या जागी काय आहे यासकट; जुन्या जहाजांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. करार जहाजतोडणीसाठी असला तरी यादी दुरुस्तीवाल्यालाही उपयोगी पडते. काम घेण्याआधी चीफ इंजिनिअरकडे ती मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. यादीत "ॲस्बेस्टॉस नाही" असलं तरी मधल्या काळात कोणी कुठलं गॅस्केट घातलं ते सांगता येत नाही, म्हणून संशय आला तर नमुना तपासून घ्या.

गोदीत आलेल्या जहाजाबद्दल एक जुनी गोष्ट आठवली. फ्रेंच प्रवासी जहाज नॉर्मंडी. ९ फेब्रुवारी १९४२, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्याचं सैनिकवाहू जहाजात रूपांतर चालू होतं. कटिंगच्या ठिणग्या जवळच रचून ठेवलेल्या लाइफ जॅकेटच्या गठ्ठ्यांवर पडल्या, त्यात कापोक नावाचा कापसासारखा तंतू भरलेला. जहाजाची स्वतःची आग विझवायची व्यवस्था उत्तम होती, पण कामासाठी ती तोडून ठेवलेली. शहराच्या बंबांच्या नळ्या फ्रेंच जोडांना बसेनात. बाहेरून पाण्याचा एवढा मारा झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे जहाज धक्क्यालाच आडवं झालं. अपघात एका माणसाच्या ठिणगीने झाला म्हणायचं, की ते गठ्ठे तिथे रचणाऱ्याने, की आगीची व्यवस्था तोडणाऱ्याने?

२०२० च्या जुलैत सॅन दिएगोला अमेरिकी नौदलाचं बॉनहोम रिचर्ड देखभालीत असताना जळालं, तेव्हाही जहाजावरची बहुतेक अग्निशमन ठिकाणं बंद पडलेली होती. मधे अठ्ठ्याहत्तर वर्षं.

ठिणगी

आणि पत्र्याच्या पलीकडची बाजू विसरू नका. बल्कहेडवर, म्हणजे जहाजातल्या पत्र्याच्या भिंतीवर, इकडे वेल्डिंग केलं की तिकडचा रंग, इन्सुलेशन, केबल तापून पेटते. फायर वॉच म्हणून, म्हणजे आगीवर नजर ठेवायला, एक माणूस वेल्डरच्या मागे उभा करतात आणि तो वेल्डिंगचा उजेड बघत बसतो. दुसरा माणूस पलीकडे हवा. काम संपल्यावर अर्धा तास दोघांनी हलायचं नाही. सगळी गंमत त्या अर्ध्या तासात असते.

अनामिक_खलाशी

दोर तुटून पाय गमावलेल्यांबद्दल, पायलट शिडीबद्दल पण बोला की. धक्क्यावर दोर ताणलेला असताना...

मॅनहोल

त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. इथे मिसळलं तर दोन्ही विषयांची खिचडी होईल.

बिल्जबाबा

विषयाला धरून एकच. गोदीत असताना इंजिन रूमची कार्बन डायऑक्साइडची अग्निशमन यंत्रणा कुलूपबंद केली आहे का आणि किल्ली कोणाकडे आहे, हे विचारा. ती सुटली तर इंजिन रूमच्या ३५-४० टक्के आकारमानाइतका वायू भरतो, आग लागावी म्हणून वाट बघत नाही. एखादा वायरमन पॅनल तपासताना चुकीची तार हलवतो आणि खाली वीस फिटर असतात.

नवागत_७

सगळं वहीत उतरवलं. आता मीटरबद्दल कोणी सांगेल का? तोच जर चुकीचं दाखवत असेल तर?

मॅनहोल

चांगला विचारलास. मीटर हे यंत्र आहे, देवाची मूर्ती नाही. रोज कामाआधी ओळखीच्या प्रमाणाचा गॅस थोडा सोडून तो ओरडतो का ते बघायचं, याला बंप टेस्ट म्हणतात. नुसतं चालू करून "शून्य दाखवतोय" म्हणणं म्हणजे बंद घड्याळात वेळ बघणं.

आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही, मग विषारी, हा क्रम असतो. कारण नेहमीच्या एलईएल सेन्सरमध्ये वायू जळतो आणि त्यावरून तो मोजतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर जळणार कसा? टाकी वाफेने भरलेली असूनही शून्य दाखवेल. सिलिकॉन असलेला स्प्रे किंवा सीलंट जवळ वापरला तर तो सेन्सर मरतो, आणि मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो.

वर, मध्ये, तळाशी अशी तिन्हीकडे हवा तपासायची. नळी लांब असेल तर हवा मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो. नळी सोडली, दोन सेकंदांत आकडा वाचला आणि वर ओढली, असं करणारे गॅस टेस्टर मी पाहिलेत. ते स्वतःच्या नळीतली हवा मोजत होते.

आणि सकाळची टेस्ट सकाळचीच. सुट्टी झाली, ब्लोअर बंद पडला, शेजारी नवं काम सुरू झालं, की पुन्हा टेस्ट. आत असणाऱ्याच्या छातीवर सतत चालू मीटर असेल तर उत्तमच.

रोखठोक

टाचण्यांचा फळा बनवून घेतलाय. यार्डाने नाही केला म्हणून आमच्यापुरता केला. पेंटचा ठेकेदार पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पिवळ्या टाचण्या घेऊन आला. अजून काही म्हणणं नाही.

नवागत_७

धागा वर काढतोय. लागून तीन आठवडे झाले. आज एका टाकीत उतरायचं आहे. उतरण्याआधी ब्लोअरचं तोंड कुठे आहे ते बघायला गेलो. डिझेल जनरेटरच्या धुराच्या पाइपापाशी होतं! फोरमनना सांगितलं, ते म्हणाले परमिट आहे ना, संध्याकाळी बघू. मग मी आणि हेल्पर मिळून ब्लोअर ओढून वाऱ्याच्या उलट बाजूला नेला. आता अडचण अशी की डक्ट दोनेक मीटर कमी पडतोय, तळापर्यंत पोचत नाही. वरच्या अर्ध्या टाकीत मीटर २०.९ दाखवतोय. चालेल का?

मॅनहोल

नाही. डक्टचा तुकडा स्टोअरमधून मिळेपर्यंत कोणी उतरायचं नाही. जोडल्यावर तळाची टेस्ट घे, कार्बन मोनॉक्साइड मुद्दाम बघ, सकाळपासून धूर आत गेलेला असणार. फोरमन काही बोलले तर त्यांना माझा हा धागा दाखव. आणि त्या हेल्परचं नाव तुझ्या वहीत लिहून ठेव, उद्या मॅनहोलवर तोच हवा असं माग.